पाळीवर बसण्याचा हक्क

मी, गोकुळा बाबुराव मारबते, वय सदुसष्ट, पूर्वी सरकारी आरोग्यसेविका, आता काही नाही, राहणार कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र माझ्या घरच्या पडवीत बसून माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही आणि गोड बोलून बसवलेलेही नाही. गोड बोलणारे माझ्या घरी तसेही फारसे येत नाहीत. थकलेली मात्र आहे. थकलेल्या माणसाने लिहिलेले मृत्युपत्र कायद्यात चालते असे वकिलांनी सांगितले, म्हणून लिहायला घेतले.

वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. जीवनाची शाश्वती नाही, असे त्याचे पहिलेच वाक्य. मी आयुष्यभर लोकांच्या जन्माच्या आणि मरणाच्या नोंदी केल्या, ही गोष्ट मला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही, म्हणून तो नमुना बाजूला ठेवला. माझे हृदय मोठे झाले आहे असे गडचिरोलीचे डॉक्टर म्हणाले आणि नागपूरच्यांनीही तेच म्हटले. हे माझे दीर घनश्यामभाऊजी यांना सांगू नये, त्यांचा विश्वास बसणार नाही. पाय सुजतात, चढ लागला की दम लागतो. मी नर्स आहे, पुढचे मला दिसते. घाबरले नाही, पण कंटाळा आला आहे हे खरे.

माझे पती बाबुराव फार लवकर गेले. मला एकच मुलगा, भूपेश. तो नागपूरला खताच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणजे त्याचा फोन जेवतानाही वाजतो. त्याची बायको सोनू. याशिवाय माझ्या घरी दिव्या पुंगाटी राहते. ती माझ्या रक्ताची नाही. भामरागडकडची माझी मैत्रीण मंगली हिची ती मुलगी, शिकायला म्हणून माझ्याकडे आली, आता स्वतः नर्स झाली आहे आणि इथूनच ड्युटीला जाते. मला मावशी म्हणते. माझ्या पायांची सूज रोज अंगठ्याने दाबून बघणारी तीच.

कलम पहिले : घर आणि परसबाग. राहते घर, समोरच्या स्लॅबच्या खोल्या आणि मागचे कौलारू स्वयंपाकघर, भूपेशला द्यावे. तो ते भाड्याने देईल हे मला माहीत आहे, द्यावे. मागच्या भिंतीला जे भोक आहे ते गवंड्याची चूक नाही, तिथे दरवर्षी दयाळ घरटे करतो. ते बुजवू नये. भाडेकरू तक्रार करतील तर भाडेकरू बदलावा.

परसातले पेरू, सीताफळ, शेवगा, वालाचा मांडव आणि विहिरीजवळचा आंबा घराबरोबरच जातात. त्यांना एक अट जोडलेली आहे. मंगलीच्या गावात नवे फळ आले की पंडुम होईपर्यंत, म्हणजे गावाने मिळून देवाला ते दाखवीपर्यंत, कोणी त्याला तोंड लावत नसे. लहान पोरे आंब्याखाली उभी राहून वर बघत, पण दगड मारत नसत. माझ्या परसात देव नाही. तरी मी गेली कित्येक वर्षे प्रत्येक झाडाचे पहिले फळ झाडावरच ठेवते. ते पोपट खातो, बुलबुल खातो, खार खाते, कधी नुसतेच सडून पडते. मी त्याच्याकडे बघून हात जोडते. कोणाला जोडते ते ठरवलेले नाही. ज्याच्या कोणाच्या कृपेने हे मिळाले त्याला पोचत असावे असे समजते. ही पद्धत भूपेशने चालू ठेवावी. हात जोडायची लाज वाटली तर नाही जोडले तरी चालेल, फळ मात्र ठेवावे.

कलम दुसरे : शिल्लक. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते भूपेश आणि सोनू यांना अर्धे अर्धे. सोनूचा अर्धा भाग तिच्याच खात्यात जावा, भूपेशच्या खात्यातून फिरून नव्हे. भूपेश वाईट नाही, पण त्याच्या खात्यात गेलेली गोष्ट बाहेर येताना फार विचार करते. सोनूने दवाखान्यात माझ्या उशाशी रात्री काढल्या आहेत. ती बोलते कमी, म्हणून लोक तिला शिष्ट म्हणतात. मीही सुरुवातीला म्हणत होते.

कलम तिसरे : सामान. माझ्या नोकरीची पत्र्याची पेटी, कात्री, पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी आणि बाळ तोलायचा काटा दिव्याला. आता सरकार नवे देते, तरी ठेवावे. कुदळ, फावडे, सब्बल आणि दोन्ही खुरपी शेजारच्या नीलाबाईंना. त्या खुरपी मागून नेत आणि परत द्यायला विसरत, आता आणून द्यायची गरज उरणार नाही.

माझी दुर्बीण घनश्यामभाऊजींना द्यावी. निवृत्तीनंतर मी ती हौसेने नागपूरहून आणली होती. बाबुराव गेल्यावर भाऊजी आपल्या ओट्यावरून माझ्या दारात कोण येते, कोण जाते, किती वेळ बसते, यावर नजर ठेवून होते आणि चौकात त्याची बातमी देत होते. बाळंतपणासाठी बोलवायला आलेला माणूस दिसला तरी त्यांना वेगळेच दिसे. इतकी वर्षे उघड्या डोळ्यांनी हे काम केले, डोळे शिणले असतील. दुर्बीण चांगली आहे, दूरचे स्पष्ट दिसते. मी त्यांना क्षमा केलेली नाही. पण भांडायचीही ताकद राहिली नाही, म्हणून हे कलम इथेच संपवते.

कलम चौथे : बोडी. खरे मृत्युपत्र या कलमासाठी आहे. वरचे सगळे तोंडी सांगूनही झाले असते.

गावाबाहेर, वडसा रस्त्याला लागून, माझ्या नावे धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, आणि तिच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून ठेवायचे लहानसे तळे. आम्ही जातीने ढिवर. माझ्या बापाचा जन्म दुसऱ्यांच्या तलावात जाळे टाकण्यात गेला. म्हातारपणी त्याने ही जागा घेतली आणि माझ्या भावाला सोबत घेऊन स्वतः खोदून बोडी केली. आपल्या पाण्यात जाळे टाकायचे, एवढीच त्याची इच्छा होती. बाप गेला, भाऊ बिनलेकराचा गेला, आणि सातबाऱ्यावर माझे नाव चढले. ही माझी स्वतःची मिळकत आहे, तिच्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. घनश्यामभाऊजींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

नोकरीत असताना मी तिकडे फिरकले नाही. निवृत्त झाले तेव्हा वाटले, आता झोपीन. पण झोप येईना. रिकामे बसले की छातीत धडधडे, कुठेतरी आपली वाट बघत असतील आणि आपण पोचलो नाही असे वाटे. डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितले. मी फिरायला लागले ते ड्युटीसारखीच. मान खाली, पाय झपाझप, बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे तिच्या मातीच्या बांधापर्यंत, जायचे, हात लावल्यासारखे करायचे आणि परत. वाटेत कोणी "राम राम बाई" म्हटले तरी चिडायची.

एका पावसाळ्यात पाळीवर चपलेचा अंगठा तुटला. चिखल होता, काटे होते, अनवाणी जाववेना. म्हणून कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडाखाली बसले, कोणी येईल आणि मदत करील या आशेने. कोणी आले नाही. समोर कमळाच्या पानांवर एक कमळपक्षी चालत होता. लांब बोटांचा, पानावर पाय ठेवला की पान जरासे दबायचे, पण तो बुडत नसे. त्याच्या पंखाखालून बारीक बारीक पाय लोंबत होते. मी आधी दचकले, वाटले याला काही तरी व्यंग आहे. मग त्याने पंख सैल सोडले आणि आतून पिल्ले खाली उतरली. नंतर कळले की या पक्ष्यात मादी अंडी घालून दुसरीकडे निघून जाते, अंडी उबवणे आणि पिल्ले वागवणे सगळे बाप करतो. मी जन्मभर बाळंतपणे केली, असा बाप मला दारात बिडी ओढताना कधी भेटला नव्हता. मी एकटीच हसत बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही. उठले तेव्हा छातीतली धडधड थांबलेली होती.

त्यानंतर मी बसू लागले. बसायला शिकले असेच म्हणते, कारण ते मला येत नव्हते.

खरे म्हणजे मंगलीने ते मला आधीच दाखवले होते, पण तेव्हा डोक्यात शिरले नाही. मी नव्याने नोकरीला लागले तेव्हा भामरागडच्या पलीकडच्या गावांना लसीचा डबा खांद्याला अडकवून पायी जावे लागे. मंगली तिकडची दाई. भाषा तिची, वाट तिची, मी नुसती तिच्या मागे. मुक्कामही तिच्याच घरी. तिच्या घरची रीत अशी की अंगणात कोणी येऊन बसला तर त्याला काय काम काढले असे विचारायचे नाही. पाणी द्यायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल, नाही तर बसून निघून जाईल.

मला हे कुठून माहीत असणार. एकदा चैतू नावाचा एक म्हातारा असाच येऊन बसला. मी लगेच पेटी उघडली. त्याला थर्मामीटर लावले, जीभ बाहेर काढायला लावली, पापणी ओढून पाहिली, पोट दाबले. कुठे दुखते, कधीपासून, जुलाब किती, उलटी झाली का. त्याला माझी भाषा कळत नव्हती, पण त्याने सगळे निमूटपणे करून घेतले. शेवटी मी त्याला गोळ्या दिल्या, त्याही त्याने धोतराच्या सोग्याला बांधल्या. तो गेल्यावर मंगली पोट धरून हसत सुटली.

"बाई, त्याले काई नाई झालं," ती म्हणाली. "तो बसाले आला होता."

"बसाले म्हणजे कायले?"

"बसाले म्हणजे बसाले."

मला राग आला होता. कामाच्या दिवशी धडधाकट माणूस नुसता येऊन बसतो म्हणजे काय, असे मी तिला ऐकवलेही. ती अजूनच हसली. गावोगावी जाताना ती स्वतःही अशीच मधेच एखाद्या मोहाच्या झाडाखाली बसकण मारायची आणि मी घड्याळ दाखवायची. मंगली गेली ती भर पावसाळ्यात. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी चालले होते, भामरागड तुटले होते, मला जाता आले नाही. तिची मला रोज आठवण येते. बोडीवर तर फारच येते.

आता बोडीवर कोण येते ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी "तिथी काई नाई" असे म्हणू नये. थंडीत अडई बदकांचा थवा येतो आणि शिट्ट्या मारत पाण्यावर उतरतो. खंड्या कहूच्या वाळलेल्या फांदीवर बसतो. घोंगल्या फोडा गोगलगायी शोधत फिरतो, त्याच्या चोचीत मधे फट असते, तेवढी जन्मखूण आहे, रोग नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पलीकडच्या झुडपात नवरंग बोलतो, दिसतो क्वचित. जांभळ्या पाणकोंबड्या धानात शिरतात आणि नुकसान करतात, ते मी सोसते. मासे आहेत. ज्याला गळ टाकून पोटापुरते हवेत त्याने घ्यावेत, बापाचे पाणी आहे, बापाला आवडेल. मोठे जाळे टाकू नये.

भूपेशला ही जागा लॉनसाठी हवी आहे. शहरातल्या माणसांसाठी सांगते, आमच्याकडे लॉन म्हणजे लग्ने लावायची जागा. मोठी कमान, रंगीत दिवे, वराला आणायला बग्गी. त्याचा मित्र मिथुन आहे, त्याची ही कल्पना. बोडीत मुरूम भरायचा, सपाट करायचे, वर हिरवे गवत लावायचे. दिवाळीला भूपेश इथे आला तेव्हा त्याने मोबाइलवर चित्रही दाखवले. चित्रात कहूचे झाड नव्हते.

"आई, ती बोडी नुसती पडून हाय," तो म्हणाला. "रोड-टच जागा. मिथुन सगळं करते म्हणते, आपल्याले काईच करा लागत नाई."

"मी पण पडूनच हाओ," मी म्हटले. "माझ्यावर बी मुरूम टाक."

"तू ना, कुठलं कुठी नेते. एवढ्या वर्षात त्या पाण्यानं तुले काय देल्लं?"

झोप दिली, असे सांगितले असते तर तो हसला असता. तो रागावून गेला. जाताना म्हणाला की मला नागपूरला नेणार, इथे एकटीला ठेवणार नाही. मी नागपूरला येणार नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे आणि उद्या शुद्ध हरपली तरी हेच धरावे. सोनूच्या घरात मला काही कमी नाही, पण तिथल्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते.

म्हणून बोडी, तिची पाळ, पाळीवरचा कहू आणि खालची बांधी, असे सर्व, माझ्या मागे दिव्या पुंगाटी हिच्या पूर्ण मालकीचे व्हावे. तिने बांधी कसावी किंवा अर्धेलीने द्यावी. बोडी बुजवू नये, विकू नये. मी तिला विचारले तेव्हा ती रडली. "मले नको मावशी. भूपेशदादा मले काय म्हणन?" असे म्हणाली. काय म्हणेल ते मला माहीत आहे. तो म्हणेल, परक्या पोरीने म्हातारीला फसवले. घनश्यामभाऊजी त्याला साथ देतील. म्हणून स्पष्ट लिहिते की दिव्याने माझ्याकडे पाण्याचा थेंबही मागितला नाही. मला माझी बोडी जिवंत राहायला हवी आहे, आणि ती कोणाच्या हातात राहील ते मला दिसते. भूपेशला दुःख होईल. तो माझा एकुलता एक आहे, त्याला दुखवून मला आनंद होत नाही.

येथपर्यंत गुरुवारी लिहून झाले. आता रविवारी पुढे लिहीत आहे. मधे जे झाले ते वकिलांना सांगितले, तर ते म्हणाले, बाई, सगळे फाडा आणि नव्याने लिहा, मृत्युपत्रात असे मागेपुढे चालत नाही. माझ्यात पुन्हा सगळे लिहायची ताकद नाही. जसे झाले तसे राहू द्यावे.

झाले असे की शनिवारी सकाळी शेजारच्या बांधीत धान कापणारा मुखरू माझ्या दारात आला. म्हणाला, "बाई, तुमचा भूपेश पाळीवर बसून हाय."

मला वाटले, मिथुनला घेऊन आला, जागा मोजत असेल. माझी औषधे घ्यायची राहिली, तशीच दिव्याचा हात धरून निघाले. वाटेत तीनदा थांबावे लागले. मनात त्याला काय काय बोलायचे ते जुळवत गेले, आणि ते चांगले नव्हते.

पाळीवर मिथुन नव्हता. टेप नव्हता. रस्त्यावर भूपेशची गाडी उभी होती आणि तो एकटा कहूखाली बसला होता. बूट काढून बाजूला ठेवले होते, पायमोजे त्यात कोंबलेले. फोन हातात नव्हता. दाढी वाढलेली. हा माणूस मी नागपूरला पाहिला नव्हता.

माझ्या जिभेवर सगळे प्रश्न एकदम आले. काऊन आला? सोनूशी भांडला का? नोकरी गेली? बीपीची गोळी घेतली का? पेटी उघडायचीच बाकी होती. तेवढ्यात मला चैतू म्हातारा आठवला, जीभ बाहेर काढून बसलेला. मी तोंड मिटले. दिव्याने माझ्याकडे पाहिले, तिला माझ्याआधीच समजले असावे. तिने आपल्या बाटलीतले पाणी भूपेशजवळ ठेवले आणि खाली बांधीत मुखरूची कापणी बघायला निघून गेली. मी त्याच्यापासून थोडे लांब, पाळीच्या दगडावर बसले.

तो पाणी प्यायला. अडई उतरल्या, पोहल्या, ऊन चढले तशा पलीकडच्या सावलीत गेल्या. मला माझ्या मुलाशेजारी इतका वेळ काही न बोलता बसल्याचे आठवत नाही. तो लहान असताना मी दौऱ्यावर असायची आणि मी निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा तो फोनवर असायचा.

"तो पक्षी पानावर चालते, पण बुडत नाई," तो शेवटी म्हणाला.

"बोटं लांब राह्यते त्याचे. भार वाटल्या जाते."

मग तो म्हणाला, "आई, मी लई थकलो. पहाटेच घरून निघालो, ऑफिसच्या टूरले जातो म्हून. गाडी इकडंच आली."

मी म्हटले, "मी पण थकली."

एवढेच आमचे बोलणे झाले. मी त्याची नाडी पाहिली नाही. त्याला उपाय सांगितला नाही. तो मग तिथेच आडवा झाला आणि ऊन तोंडावर येईपर्यंत झोपला. दुपारी घरी जेवला, सोनूला फोन करून खरे ते सांगितले, आणि संध्याकाळी पुन्हा पाळीवर गेला. माझ्याने पुन्हा जाववले नाही. लॉनचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आज सकाळीही तो गेला आहे.

आता लोक म्हणतील की म्हातारी विरघळली. विरघळले नाही. माणूस एक दिवस बसला म्हणून बदलत नाही, पंधरा दिवसांनी मिथुनचा फोन येईल आणि भूपेश पुन्हा टार्गेटात सापडेल. माझ्या पेशंटांनीही मला असेच फसवले आहे, ताप उतरला की गोळ्या बंद. म्हणून चौथे कलम जसेच्या तसे कायम. बोडी दिव्याचीच. पण ज्या पाण्याने मला झोप दिली त्याच्या काठावर माझा मुलगा झोपला, हे पाहिल्यावर त्याला तिथून रिकाम्या हाताने पाठवणे मला जमत नाही. म्हणून पुढचे कलम.

कलम पाचवे : बसण्याचा हक्क. बोडीच्या पाळीवर, कहूच्या झाडाखाली, जाऊन बसण्याचा हक्क मी माझा मुलगा भूपेश यास त्याच्या हयातीपर्यंत देत आहे. हा हक्क त्याला विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही आणि मिथुनला वापरायला देता येणार नाही. सोनूला सोबत आणता येईल. बसण्यासाठी दिव्याची परवानगी लागणार नाही. तो का आला, किती वेळ बसणार, काही झाले आहे का, असे त्याला कोणीही विचारू नये. दिव्याने पाणी द्यावे आणि आपल्या कामाला लागावे. बोलायचे असेल तर तो बोलेल. दिव्यानंतर बोडी ज्याच्याकडे जाईल त्याच्यावरही हे बंधन राहील. असा हक्क कायद्यात बसतो का, असे वकिलांना विचारले. ते डोके खाजवून म्हणाले की बसवता येईल.

मृत्युपत्रातले सगळे माझ्या मृत्यूनंतर अमलात येते, तसा हा हक्कही माझ्या मृत्यूनंतर सुरू होईल.

कलम सहावे : माझे. तेरवी लहान करावी. ज्यांना खरोखर यायचे आहे ते न बोलावताही येतील. नागपूरहून मोठा फोटो छापून आणू नये, माझा एकही फोटो चांगला नाही. मी थकले, पण शेवटची काही वर्षे मला फार चांगली मिळाली, आणि त्यासाठी मी आभारी आहे. एवढे कोणीतरी तेरवीला उभे राहून वाचावे.

वरील सर्व मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्यासमोरच सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याची उमेद नाही.

ठिकाण : कुरखेडा
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही : गोकुळा बाबुराव मारबते

साक्षीदार :
१. मुखरू सोनबावणे, शेती, कुरखेडा. बाईंनी वाचलेले ऐकले, माझ्यासमोर सही केली.
२. चंदन दिघोरे, शिक्षक, कुरखेडा. बाईंची प्रकृती थकलेली पण बोलणे स्पष्ट. माझ्यासमोर सही केली.

मुलाची संमती

मी, भूपेश बाबुराव मारबते, राहणार नागपूर. आईने हे मृत्युपत्र मला सही झाल्यावर वाचायला दिले. मी ते पाळीवर नेऊन वाचले. चौथे कलम वाचून आधी राग आला, तो लपवत नाही. दिव्याने आईला फसवले असे मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटले तर ऐकून घेणार नाही. बोडीवर मी दावा सांगणार नाही. मिथुनला मी स्वतः भेटून नाही म्हणून सांगतो.

माझी हरकत फक्त पाचव्या कलमाच्या शेवटच्या वाक्याला आहे. माझा बसण्याचा हक्क आईच्या मृत्यूनंतर सुरू होईल असे त्यात लिहिले आहे. तेव्हा मी तिथे एकटाच बसून काय करू? मले तो आजपासून पाहिजे, आई बाजूले बसून हाय तोवर.

सही : भूपेश मारबते

दुरुस्ती मंजूर.
सही : गोकुळा मारबते